काटेरी शुभेच्छा

नाताळचे छापील शुभेच्छापत्र जन्माला आले ते एका गृहस्थाला सवड नव्हती म्हणून. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या उद्योगी माणसाला नाताळात इतक्या लोकांना हाताने पत्रे लिहिणे जमेना. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापवल्या, आपल्या इष्टमित्रांना धाडल्या, आणि बाकीच्या एका शिलिंगला एक या भावाने विकायला काढल्या. तेव्हापासून जगाची मोठीच सोय झाली! आता तर दिवाळीच्या पहाटे मोबाइल उघडावा तो एकच पणती सतरा जणांकडून आलेली असते.

याच्या नेमके उलट्या चालीचे एक शुभेच्छापत्र आपल्या घराघरांत होते. त्यावर अक्षर नसते, आणि ते करायला सवडच सवड लागते. ते म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा.

हलवा करताना ज्याने कधी पाहिले नाही, त्याला वाटते की साखरेचा पाक ओतला की झाले. तसे नाही. साखरेचा पाक करून, त्यात थोडे दूध घालून वर येणारी मळी काढायची आणि पाक गाळून घ्यायचा. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवायची. मग चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. तो सुकला की पुन्हा चमचाभर. आच वाढली की साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना धरून बसतात. दाणे आधी नुसते पांढरे होतात, मग अंग धरतात आणि असे दोनतीन दिवस गेले म्हणजे कुठे काटा दिसू लागतो. थंडीत काटा चांगला येतो, म्हणून हे काम पहाटे काढायचे. परातीतला दाणा ज्याच्या बोटांखाली वाढला, त्याच्या बोटांची चाल त्या काट्यात उतरते असे जुन्या बायका म्हणत, आणि ते मला खरे वाटते.

या हलव्याचे दागिने होतात. पुठ्ठा, जर आणि दोरा घेऊन मुकुट, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसलेल्या नव्या सुनेच्या अंगावर ते चढवतात. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. जावयाला हार, नारळ, आणि अलीकडे हलव्याचे घड्याळ आणि मोबाइलसुद्धा! या शेवटच्या दागिन्याचे कौतुक मला करता येत नाही. पण जावयांना तो आवडतो म्हणे.

आमच्या घरी हलवा करीत त्या वडिलांच्या आत्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. विशीच्या आत त्यांचे कुंकू गेले होते. घरात हळदीकुंकू असले की त्या माजघरातून बाहेर येत नसत. येऊ नका असे कोणी तोंडाने म्हणत नसे, आणि या असेही म्हणत नसे. पण त्याच हळदीकुंकवात वाटायचा हलवा चार पहाटे परातीशी बसून त्यांनी केलेला असे. ज्यांच्या हाताची सावली नव्या नवरीवर नको, त्यांनीच केलेले दागिने मात्र तिच्या अंगावर चालत. ही आपली रीत! तिला कोणी काय म्हणावे?

माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने आत्याबाईंनी केले. ते कापसात बसवले, खोक्यात घातले, आणि वर एक पुडी सुटा हलवा, सुई आणि पांढरा दोरा ठेवला. वाटेत काही तुटलेच तर पोरीला ओवता यावे, एवढाच हिशोब. पाठवणाराचे नाव मात्र आईचे घातले गेले. पंधरा दिवसांनी ताईचे पत्र आले. त्या पाकिटावर, आमच्या घरी आलेल्या पत्रांवर मी प्रथमच पाहिले, आत्याबाईंचे पूर्ण नाव होते. आत एवढेच होते की काटा ओळखला, आणि सुई लागली नाही.

पुढे छापील संक्रांतकार्डाच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून पाठवण्याची पद्धत पुष्कळ चालली. टपालाचा शिक्का नेमका त्यांच्यावर बसे आणि हाती चुरा येई. पण तोही कोणी टाकत नसे.

संक्रांतीला अजून अवकाश आहे. ज्यांना करून पाहायचा असेल त्यांनी पहिल्या खेपेस खसखशीच्या वाटेला जाऊ नये. साबुदाणा घ्यावा, तोही वाटीभरच. परात जाड बुडाची असावी. आणि झालेला हलवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा, नाहीतर पत्त्यावर पोचण्याआधी तो मुंग्या वाचतात.