आपल्या गतीने गणित शिकताना

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत बीजगणितासारखे विषय संगणकावर, आपापल्या गतीने शिकून श्रेयांक मिळवता येतात. चित्रफीत पाहायची, लगेच त्याच प्रकारची गणिते सोडवायची, की पुढचा धडा. पण प्रत्येक धड्यात चांगले गुण मिळवूनही काही विद्यार्थी अंतिम परीक्षेत अडखळतात. असे का होत असावे?

रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहू. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एकेका आकृतीची गणिते सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र हेच आकडे २० आणि ६३ झाले!

सलग सरावात कोणते सूत्र वापरायचे हे धड्याचे शीर्षकच सांगून टाकते. परीक्षेत ते आपल्यालाच ओळखावे लागते. वर्गात शिक्षक अधूनमधून मागचे गणित विचारतात; एकट्याने शिकणाऱ्याला कोण विचारणार? म्हणून अशा विद्यार्थ्यांना आपण एवढे सांगू या: रोज मागच्या तीन-चार धड्यांतले एकेक गणित निवडा, शीर्षक झाकून कागदावर सोडवा, आणि अडेल तोच धडा पुन्हा पाहा.