लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा

मे महिन्याची सुटी संपते, शाळा उघडते, कपाटातला लॅपटॉप बाहेर निघतो. आणि कळ दाबली तरी पडदा काळाच राहतो. अशा वेळी कोणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल देतो आणि शाळा खर्चाच्या चिंतेत पडते. त्याहून मोठी चिंता असते आतल्या निकालपत्रकांची. खरे तर निकाल देण्याआधी तपास व्हायला हवा, आणि त्या तपासाचा बराचसा भाग शिक्षकांना आणि मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना स्वतः करता येतो. तो कसा, ते पाहू या.

तक्रार नेमकी कोणती?

‘सुरू होत नाही’ या शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली : दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काहीच नाही. दुसरी : दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. तिसरी : कंपनीचे चिन्ह दिसते आणि काम तिथेच अडते. पहिल्या प्रकारात बहुधा वीजच पोचत नसते. दुसऱ्यात वीज पोचते, पण पडदा किंवा स्मृतीची पट्टी (रॅम) साथ देत नाही. तिसऱ्यात दोष बहुतेक वेळा डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील प्रणालीत असतो. म्हणजे हात लावण्याआधी नुसते पाहून आणि ऐकून आपण तपासाचे क्षेत्र बरेच लहान केले.

विजेच्या वाटेने

आता पहिला प्रकार घेऊ. वीज भिंतीतून चार्जरमध्ये, तेथून लॅपटॉपमध्ये येते. आपणही त्याच क्रमाने जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

प्रथम त्याच खाचेत दुसरे उपकरण लावून पाहा. ते चालले, तर चार्जरकडे वळा. भिंतीतला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब उतरवून तो सुमारे १९ ते २० व्होल्टचा दिष्ट दाब देतो. त्याच्या पाठीवर, समजा, ‘१९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर’ असे छापलेले आहे. यांचा गुणाकार सुमारे ६५ येतो. तेवढे वॅट शक्ती तो देऊ शकतो. दुसरा चार्जर लावून पाहायचा असेल, तर पिन तीच हवी, व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील; कारण अँपिअरचा आकडा ही चार्जरची क्षमता आहे, लॅपटॉप त्यातून लागेल तेवढाच प्रवाह घेतो.

गोल पिनच्या चार्जरचा दाब मल्टिमीटरवर मोजता येतो. मात्र मोकळ्या चार्जरने १९ व्होल्ट दाखवले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. भार पडल्यावर त्याचा दाब कोसळू शकतो. टाइप-सी चार्जरची गोष्ट निराळी. तो आधी फक्त ५ व्होल्ट देतो आणि लॅपटॉपशी संकेतांची देवाणघेवाण झाल्यावरच दाब वाढवतो. म्हणून मोबाइलचा साधा चार्जर तिथे बसतो, पण बहुधा पुरत नाही. चार्जर उघडू मात्र नये; २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतल्या धारित्रात तेवढा दाब प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो.

चार्जर ठीक असेल, तर पुढची पायरी. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा आणि कळ अर्धा मिनिट दाबून धरा. कळेचा हुकूम ऐकणारी एक छोटी चकती आत कायम जागी असते. ती कधी गोंधळून अडकते. उरलासुरला विद्युतभार निघून गेला, की ती नव्याने कामाला लागते. आता नुसता चार्जर लावून पाहा. लॅपटॉप चालला आणि बॅटरी बसवताच पुन्हा अडला, तर दोषी बॅटरीच.

खान्देशचा उन्हाळा आणि बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीचा एक घट पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. वापर नसतानाही तो हळूहळू रिकामा होतो, आणि उष्णतेत हा वेग वाढतो. दाब फारच खाली गेला, तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढे तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणून संरक्षक मंडल अशी बॅटरी भरायलाच नकार देते. दाब थोडाच उतरला असेल, तर ते आधी अगदी बारीक प्रवाह सोडते. त्यामुळे चार्जर लावून अर्धा-एक तास वाट पाहणे हा खरोखरीचा उपाय आहे.

दुसरी मर्यादा तापमानाची. या बॅटऱ्या साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान भरायच्या असतात. जळगाव-भुसावळचा मे महिन्यातला पारा कित्येकदा ४५ गाठतो, धुळेही फार मागे नसते. आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त ताप असतो. तापलेला लॅपटॉप चार्ज होत नसेल, तर तो आधी गार जागी ठेवावा. बॅटरी फुगलेली दिसली, तर तपास तिथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. जाणकाराकडूनच काढून घ्या आणि ई-कचरा संकलनात द्या.

पडदा काळा, पण पंखा चालू

खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाका. अंधूक चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. शाळेचा प्रोजेक्टर जोडा. त्यावर चित्र उमटले, तर मदरबोर्ड बहुतांशी ठीक आहे. दोन्हीकडे अंधारच असेल, तर रॅमकडे पाहावे. खान्देशची बारीक धूळ संपर्कबिंदूंवर बसू शकते. वीज आणि बॅटरी तोडून, ती पट्टी काढून, संपर्कबिंदू मऊ खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते, म्हणून आधी एखाद्या मोठ्या उघड्या धातूला स्पर्श करावा. पट्टी बोर्डलाच जोडलेली असेल, तर काम दुरुस्तीकाराचे.

माहिती गेली का?

बहुधा नाही. निकालपत्रके डिस्कवर असतात. चार्जर, बॅटरी किंवा पडदा बिघडल्याने ती पुसली जात नाहीत. सुटी निघणारी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून वाचता येते. ती सांकेतिक कुलपात असेल, तर किल्ली मात्र हवी. म्हणून दुरुस्तीला देताना ‘विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये’ असे लिहून द्यावे. सोबत आपण काय तपासले आणि काय आढळले, तेही लिहावे. अशा नोंदीमुळे दुरुस्तीकाराचा वेळ वाचतो आणि नको तो सुटा भाग आपल्या गळ्यात पडत नाही.

ही सारी तपासणी विज्ञानाच्या तासाला करण्याजोगी आहे. फळ्यावर तीन रकाने आखा : ‘काय केले’, ‘काय दिसले’, ‘कोणती शक्यता गळाली’. आणि पुढच्या मे महिन्याच्या सुटीआधी लॅपटॉप निम्मा चार्ज करून, पूर्ण बंद करून, इमारतीतल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. निकालपत्रकांची एक प्रत वेगळी ठेवायला विसरू नका.