सरकारी नोकर आणि राजकारण

निवडणुकीचे वारे वाहू लागले म्हणजे खेड्यात काही माणसे एकाएकी गप्प होतात. एरव्ही पारावर बसून पाऊसपाण्यापासून दिल्लीच्या मंत्रिमंडळापर्यंत सर्व विषयांवर बोलणारे गुरुजी, तलाठीभाऊसाहेब, दवाखान्यातील कंपाउंडर ही मंडळी “आम्ही बाबा सरकारी माणसे” असे म्हणून हात झटकतात. सरकारी नोकराला राजकारण वर्ज्य आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण वर्ज्य म्हणजे नेमके काय, असे विचारले तर उत्तरे बहुधा ऐकीव असतात. कोणी म्हणतो, सभेला गेले की नोकरी गेली. कोणी म्हणतो, घरातल्या माणसानेही निवडणुकीला उभे राहता कामा नये. मूळ नियम वाचलेला मनुष्य मात्र क्वचितच भेटतो.

महाराष्ट्र शासनाच्या नोकरांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९’ लागू आहेत. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. राज्याच्या आणि केंद्राच्या दोन्ही नियमावल्यांत पाचवा नियम राजकारणाचा असून त्याचा आशय जवळजवळ सारखाच आहे. नोकराने कोणत्याही राजकीय पक्षाचे अथवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेचे सभासद होऊ नये, राजकीय चळवळीत भाग घेऊ नये, तिला वर्गणी देऊ नये, अन्य मार्गानेही साहाय्य करू नये. विधिमंडळाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत त्याने प्रचार करू नये, आपले वजन खर्च करू नये, स्वतः उभे राहू नये. मत देण्याचा अधिकार मात्र त्याचा अबाधित आहे. फक्त ते कोणाला दिले किंवा देणार, याची सूचनाही त्याने बाहेर करता कामा नये. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक-चिन्ह लावणे म्हणजेसुद्धा वजन खर्च करणे, असा खुलासा नियमातच केलेला आहे.

याशिवाय १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहेच. लोकसभा वा विधानसभेच्या निवडणुकीत सरकारी नोकर एखाद्या उमेदवाराचा मतदान-प्रतिनिधी किंवा मतमोजणी-प्रतिनिधी म्हणून बसला, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. (खाजगी अनुदानित महाविद्यालयांतील आमचे प्राध्यापक शासनाचे नोकर नव्हेत, त्यांचे नियम निराळे, शिवाय विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत. तेव्हा हा लेख वाचताना त्यांनी निश्चिंत असावे!)

हे बंधन आजचे नाही. न्यायमूर्ती रानडे इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत त्यांची बदली धुळ्यास झाली व त्यांच्या टपालावर पाळत ठेवली गेली. १८८५ साली मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा रानडे हजर होते; पण प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर सल्ला देण्यापुरते, कारण ते पडले सरकारी नोकर. सुभाषचंद्र बोस यांना हा मध्यम मार्ग पटला नाही. १९२१ मध्ये त्यांनी आय. सी. एस. चा राजीनामाच दिला.

इंग्रजांच्या काळी हा नियम राज्यकर्त्यांच्या रक्षणासाठी होता. लोकशाहीत तो मतदाराच्या रक्षणासाठी आहे, आणि माझ्या मते हा फरक कोणी समजावून सांगत नाही म्हणूनच सगळा घोटाळा होतो. रेशनकार्ड, उतारा, दाखला ज्याच्या हातात आहे, तोच माणूस अमक्याला मत द्या म्हणू लागला, तर गरिबाने काय करावे? आणि सत्ताधारी पक्षाने हीच माणसे आपल्या कामाला जुंपली तर? ही भीती केवळ पुस्तकी नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी श्रीमती इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवड रद्द ठरविली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. पंतप्रधानांच्या सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर यांनी जानेवारी १९७१ मध्ये, सरकारी नोकरी अधिकृतपणे सुटण्यापूर्वीच, प्रचाराला मदत केली आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांची व्यासपीठे उभारली, असे न्यायालयाला आढळले. पुढे संसदेने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली. मधल्या काळात आणीबाणी आली, हे वाचकांस सांगावयास नको.

न्यायालयांनी या नियमाला मर्यादाही घातल्या आहेत. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाने नोकरीत येण्यापूर्वी एका पक्षाचे काम केले होते. पोलिसांच्या अहवालावरून १९७४ साली त्याला काढण्यात आले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोकरीपूर्वीचे राजकारण हा नोकरी नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. त्रिपुरातील एका कर्मचारी महिलेला, निवृत्ती अगदी तोंडावर आली असताना, एका पक्षाच्या सभेला गेल्याबद्दल व फेसबुकवर मजकूर लिहिल्याबद्दल निलंबित केले होते. जानेवारी २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने सांगितले की, सभेला हजर राहणे निराळे आणि सभेत भाग घेणे निराळे. निवडणुकीच्या दिवसांत माणसे कितीतरी सभांना जातात. श्रोता म्हणून जाणारा प्रत्येक जण त्या पक्षाचा होत नाही. आमच्या पारावरच्या मंडळींनी हा निकाल जरूर वाचावा.

नियमातील एक कलम मात्र मला खटकते. एखादी संघटना राजकीय आहे की नाही असा वाद निघाला, तर निर्णय सरकारचा. १९६६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी यांच्या कार्यात भाग घेण्यास आपल्या नोकरांना मनाई केली. जुलै २०२४ मध्ये संघाचे नाव त्या मनाईतून वगळले. हे दोन्ही निर्णय योग्य की अयोग्य, यात मी शिरत नाही. परंतु जे काल निषिद्ध ते आज चालते, हे ठरविणारा स्वतःच निवडणुकीच्या आखाड्यातील पैलवान असतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दुसरे असे की, हा नियम सचिवाला आणि शिपायाला एकाच मापाने मोजतो. इंग्लंडमध्ये १९४९ च्या मास्टरमन समितीनंतर नोकरांचे गट पाडण्यात आले. धोरण ठरविणारे वरचे अधिकारी राजकारणापासून दूर, मधल्यांना परवानगी घेऊन मोकळीक, आणि ज्यांच्या हाती फारशी सत्ता नाही त्यांना जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य. आपल्याकडे शिपायाला दारावर चिन्ह लावता येत नाही. आणि मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह जानेवारी २०१४ मध्ये नोकरी सोडून त्याच वर्षी बागपतमधून लोकसभेवर निवडून येऊ शकतात. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच आहेत.

शिपायाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई आहेत आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या प्रभागातील एक जागा स्त्रियांसाठी राखीव होती. माझी आई बचत गटाचे हिशेब सांभाळते. बायकांनी तिलाच उभे राहण्याचा आग्रह धरला. तेवढ्यात गावातील एका जाणत्या गृहस्थांनी वडिलांना सांगितले, “बायको उभी राहिली तर तुमच्या भाकरीवर गदा येईल.” आईने अर्ज भरला नाही. ती जागा बिनविरोध गेली, आणि कोणाकडे गेली हे सांगायला नकोच.

पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी मी ग्रंथालयातून नियमांचे पुस्तक आणले आणि घरी वाचून दाखविले. पाचव्या नियमात कुटुंबीयांचा उल्लेख आहे; पण तो कायद्याने स्थापन झालेले सरकार उलथविणाऱ्या चळवळीबद्दल. अशा चळवळीपासून घरच्यांना परावृत्त करावे, न जमल्यास सरकारला कळवावे, एवढेच. सरकारी नोकराच्या पत्नीने निवडणूक लढवू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. आणि नियमभंगाचा आरोप आलाच, तरी नोकरी एका दिवसात जात नाही. घटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे, बडतर्फ करण्यापूर्वी आरोप कळवून चौकशी करावी लागते.

वडिलांनी सगळे नीट ऐकून घेतले. पुढच्या वेळी आईसाठी घरोघर हिंडता येणार नाही, कचेरीत चकार शब्द काढता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच म्हटले. अडले ते घराच्या दारावर. घर दोघांचे, आईने स्वतःचे चिन्ह स्वतःच्या दारावर लावले, तर ते नोकराने लावले असे धरायचे का? नियमात नोकराने लावलेल्या चिन्हाचा उल्लेख आहे, बायकोने लावलेल्याचा नाही. पण एवढा कीस वरिष्ठांपुढे कोण काढणार, असे वडिलांचे म्हणणे. आई म्हणाली, चिन्ह बचत गटाच्या खोलीवर लावू. बायका रोज तिथेच तर जमतात.