जर्मनचा टोप आणि आंबट आमटी

मागच्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर आम्ही बायांना सांगितले होते, पुढच्या रविवारी रोजच्या वापरातले एक भांडे घेऊन या. सतरा भांडी आली. त्यांतली अकरा जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. काहींचे बूड घासून घासून बोटाने दबेल इतके पातळ झालेले.

जर्मन हलके, स्वस्त, लवकर तापणारे. ते आपल्या घरात का आले हे आम्हाला कुणी सांगायला नको. आमच्या आईचा सगळा संसार त्याच टोपांत झाला. पण चिंच, टोमॅटो, कोकम, ताक असे आंबट त्यात शिजवले किंवा रात्रभर ठेवले, की धातू अन्नात उतरतो. भंगार वितळवून केलेल्या भांड्यांत शिसेही असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि थोडे चालेल असे त्याचे प्रमाणच नाही. लेकरांनी शिकावे म्हणून आपण पोटाला चिमटा घेतो आणि शिसे मात्र त्यांच्याच आमटीत!

सगळी भांडी एकदम बदला, असे आम्ही म्हणत नाही. आधी जाड बुडाचे एक स्टीलचे पातेले घ्या आणि आंबट त्यातच करा. स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे, तेव्हा शिक्का पाहूनच घ्या. चुंबक लावून स्टीलची पारख होत नाही. बोहारीणही आपल्यासारखीच कष्टकरी. पण जुन्या साडीवर भांडे घेतानाही शिक्का बघा.

दुसरी खरेदी लोखंडी कढईची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. लोखंडी कढईतल्या पालेभाजीत थोडे लोह उतरते. म्हणून दवाखान्यातल्या गोळ्या मात्र बंद करू नका. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला वरचेवर रक्त चढवावे लागत असेल, तर कढई घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्याच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते.

भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. कढई धुऊन, पुसून, चुलीवर कोरडी करून तेलाचे बोट फिरवा, गंज धरत नाही.

पितळेत कल्हई असेल तरच शिजवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, खरवडला असेल तर काढून टाका. कुकरची रिंग कडक झाली की बदला, आणि शिट्टीचे भोक रोज उजेडाकडे धरून पाहा. डाळीचे एक साल तिथे अडकले तरी वाफ कोंडते.