मधुमेही रुग्णाचे मधल्या वेळचे खाणे

'दुपारी चारला काही खाऊ का?' असे मधुमेही रुग्णाने विचारताच अध्यशनाचा निषेध आपल्या ओठांवर येतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. पुढे ग्लिमेपिराइड घेणारा आमचाच एक रुग्ण घामाघूम, थरथरत चिकित्सालयात आला. शुद्धीवर होता, म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून देता आली.

आधीचे अन्न जिरण्यापूर्वी खाणे हे अध्यशन. जिरल्यावर भुकेने खाणे नव्हे. तेव्हा पथ्य सांगण्याआधी चालू औषधे, विशेषतः इन्शुलिन, विचारावे. प्रमेहात चरकाचार्यांनी यवास प्राधान्य दिले आहे. जवाचे सातू ताकात कालवून, गूळ न घालता द्यावे; नाहीतर मूठभर फुटाणे. 'शुगर फ्री' बिस्किटांत बहुधा मैदाच असतो, हे औषधविक्रेत्या बंधूंनी गिऱ्हाइकास जरूर सांगावे.