फेडणारा सॉल्व्हंट, विरघळवणारा सॉल्व्हंट

लातूरकडे ‘सॉल्व्हंट’ म्हटलं की सोयाबीन तेलाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. तहसील कचेरीत ‘सॉल्व्हन्सी’ म्हटलं की ऐपतीचा दाखला. जामीन राहणाऱ्याला किंवा सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्याला तो लागतो. तेल आणि ऐपत यांचा संबंध काय?

संबंध लॅटिनमधल्या ‘सोल्वेरे’ या क्रियापदाचा. अर्थ सोडणे, मोकळे करणे. रोमन कायद्यात कर्ज म्हणजे बंधन होतं, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. ‘नेक्सुम’ नावाच्या करारात ऋणकोचा देहच सावकाराकडे अडकायचा. इ.स.पू. चौथ्या शतकात कायद्याने ही पद्धत मोडली, पण देणं चुकवण्याला ‘सोलुत्सिओ’, म्हणजे सुटका, हा शब्द राहिलाच. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ सतराव्या शतकात रुजले. देणं फेडू शकणारा तो सॉल्व्हंट हा आधी, विरघळवणारा द्रव हा त्यानंतर. त्या काळचे किमयागार सगळं काही विरघळवणाऱ्या द्रवाच्या मागे होते. तो सापडलाच, तर ठेवायचा कशात, हा प्रश्न मात्र त्यांना अडचणीचा होता!

मराठीला यात नवल वाटू नये. आपणही कर्ज फेडतो आणि नेसलेलं वस्त्रही फेडतो. गणित सोडवतो आणि गहाण दागिनाही सोडवतो. रोमची उसनवारी न करता आपली भाषा त्याच जागी पोचली आहे.

कारखान्यातलं सोडवणं मोठं चतुर असतं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. नुसतं दाबून ते पुरतं निघत नाही. म्हणून दाणे भरडून, लाटून त्यांचे पापुद्रे करतात आणि त्यांवरून हेक्झेन सोडतात. तेल त्यात उतरतं, पेंड मागे राहते. मग तापवलं की हेक्झेन उडून जातं, तेल उरतं. उडालेली वाफ थंड करून तेच हेक्झेन पुन्हा वापरतात.

पैशाच्या बाजूला एक गल्लत नेहमी होते. हाताशी रोकड नसलेला माणूस सॉल्व्हंट असू शकतो, कारण त्याची मालमत्ता देण्यापेक्षा जास्त असते. उलट खिसा भरलेला माणूसही नादार असू शकतो. विमा कंपन्यांबाबत नियामकाने म्हणूनच सॉल्व्हन्सीचं किमान गुणोत्तर १.५ ठरवलं आहे. कंपन्यांना हा आकडा जाहीर करावा लागतो. पॉलिसीवर सही करण्याआधी तो जरूर पाहा.