वेळापत्रकातल्या कोऱ्या जागा

हायडेलबर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या घरून एक प्रश्न हमखास येतो : आठवड्यात एवढेच तास? सोमवारी दोन, मंगळवारी एक, गुरुवारची दुपार मोकळी, शुक्रवार जवळजवळ रिकामाच. आपल्याकडे सकाळच्या पहिल्या लेक्चरपासून संध्याकाळच्या प्रॅक्टिकलपर्यंत बांधलेला दिवस पाहिलेल्या आईवडिलांना हे वेळापत्रक बघून धास्ती वाटणं साहजिक आहे. त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला १५०० युरो शुल्क घेतं. एवढे पैसे मोजून मूल तिकडे काय करणार, हे त्यांना कळायला हवं. आणि मुलांना तर ते विमानात बसण्याआधीच कळायला हवं, कारण इथला अभ्यास त्या कोऱ्या जागांमध्येच होतो.

हिशेब क्रेडिटचा आहे. सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट घ्यायची आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे ३० तास. शिक्षकाचे नव्हेत, विद्यार्थ्याचे. समजा, आठ क्रेडिटचा विषय घेतला, तर त्याचे झाले २४० तास. आठवड्याला चार तास लेक्चर आणि दोन तास ट्युटोरियल धरलं, तर चौदा आठवड्यांत वर्गात बसून ८४ तास होतात. उरलेले दीडशेहून अधिक तास कुठे गेले? ते वेळापत्रकात छापलेले नसतात. दर आठवड्याला अकरा तास, तेही एकाच विषयाचे. असे दोन विषय आणि जोडीला एक सेमिनार घेतला, की ‘रिकामा’ शुक्रवार कुठल्या कुठे जातो.

वेळापत्रक वाचायचीही एक रीत आहे. वेळेपुढे ‘सी. टी.’ असं लिहिलेलं असेल, तर नऊचा तास सव्वानऊला सुरू होतो. हा पाव तास विद्यापीठाच्या परंपरेनेच दिलेला आहे. ‘एस. टी.’ असेल तर मात्र नऊ म्हणजे नऊ, आणि परीक्षेला पाव तासाची सवलत धरायचीच नाही. लेक्चर नव्वद मिनिटांचं असतं, हजेरी बहुधा घेत नाहीत. संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. आपणही करावी. शिकवलेलं पोचलं, असं त्या आवाजात प्राध्यापकाला सांगितलेलं असतं.

आठवड्याला खरा आकार देते ती ‘शीट’. दर आठवड्याला तीन-चार गणितांचा कागद वेबवर चढतो आणि आठवड्याभरात तो सोडवून द्यायचा असतो, बऱ्याच विषयांत दोघा-तिघांच्या गटाने. सगळ्या शीट मिळून ठरलेले गुण पडल्याशिवाय अनेक विषयांत अंतिम परीक्षेला बसताच येत नाही. ही अट बहुतेक वेळा निम्म्या गुणांची किंवा त्याहून थोडी वरची असते. म्हणजे शेवटच्या महिन्यात रात्रीचा दिवस करून वर्ष काढण्याची आपली जुनी पद्धत इथे चालतच नाही.

मग येतं ट्युटोरियल. वीसेक मुलं, एक फळा आणि ट्युटर म्हणून बहुधा पीएच.डी. करणारा कोणीतरी. काही विषयांत दाराशी यादी ठेवलेली असते : पहिलं गणित, दुसऱ्याचा अ भाग, दुसऱ्याचा ब भाग. आपण सोडवलेल्या भागापुढे फुली मारायची. ती मारली याचा अर्थ, मी हे फळ्यावर करून दाखवायला तयार आहे. ट्युटर यादीवरून बोट फिरवतो, एक नाव घेतो, आणि त्याने उठायचं. गणित अर्ध्यात अडलं तरी कोणी रागावत नाही. ‘इथे सीमा-अट का बदलली?’ असं शांतपणे विचारतात, आणि बाकीचे मदतीला येतात. पण न सोडवता फुली मारल्याचं दिसलं, तर गुण जातात आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द जातो. आपली मुलं गणितात कमी नसतात. त्यांना जड जातं ते वीस जणांसमोर अर्धवट विचार मोठ्याने बोलणं. माझ्या मते परदेशी शिक्षणात पैसे खर्चून घेण्यासारखी गोष्ट कोणती असेल, तर ती हीच सवय. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच शीटसाठी जोडीदार शोधावा, आणि तो शक्यतो मराठी नसावा. रूमवर पोहे करून खायला आपली माणसं आहेतच.

आता जागा. भौतिकशास्त्राच्या काही संस्था नेकार नदीच्या उत्तरेला नॉयेनहायमर फेल्डच्या मोठ्या कॅम्पसवर आहेत, आणि सैद्धांतिक भौतिकीची संस्था डोंगराच्या कुशीतल्या फिलोसोफेनवेगवर. हा तोच ‘तत्त्वज्ञांचा रस्ता’, जिथून समोरचा किल्ला आणि जुना पूल पाहायला जगभरचे पर्यटक येतात. जुन्या पुलाकडून श्लांगेनवेग नावाची नागमोडी चढण तिथे जाते. पाठीवर लॅपटॉप असला की चांगलाच दम लागतो. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन भरपूर मिळतं आणि अंजिरासारखी उबदार हवेतली झाडंही तिथे तग धरतात. दोन तासांमध्ये मोकळा तास असेल, तर तो इथल्या बाकावर काढावा. सहलीला वेगळा दिवसच लागतो असं नाही.

दुपारचं जेवण मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत. जुन्या गावातल्या मार्श्टाल मेन्सात बुफे आहे आणि ताटातल्या पदार्थांचं वजन करून पैसे घेतात. शाकाहारी माणसाला ही पद्धत सोयीची, कारण काय वाढून घ्यायचं ते आपल्या हातात असतं. फक्त उकडलेले बटाटे काट्यावर भराभर चढतात. आधी भाज्या घ्याव्यात.

ज्या दुपारी गणित हलत नाही, त्या दुपारी बेर्गहाइम भागातल्या दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात चक्कर मारावी. संस्था १९६२ पासूनची. खंडोबा आणि धनगरांच्या दैवतांवर आयुष्य वेचणारे ग्युंथर सोंथायमर याच संस्थेत शिकवत होते. जेजुरीचा अभ्यास नेकारच्या काठी इतक्या आस्थेने झाला, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

शनिवारी बाजार उरकायचा, कारण रविवारी दुकानं बंद. स्टेशनावरची एखाद-दुसरी आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या सोडल्या, तर दुधाची पिशवीही मिळत नाही. हा नियम सुरुवातीला जाचतो, पण त्यामुळेच रविवार फिरायला मोकळा मिळतो. मे महिना असेल तर श्वेट्झिंगेनला जावं, राजवाड्याची बाग पाहावी आणि तिथला प्रसिद्ध पांढरा शतावर खावा; त्याचा हंगाम २४ जूनला संपतो. श्पायरच्या कॅथेड्रलला लोकल जाते.

मला विचाराल तर पहिली सहल बाड ड्युर्कहाइमची करावी. आधी हायडेलबर्ग गावातच हाउप्टश्ट्रासेवर ५२ क्रमांकाच्या ‘हाउस त्सुम रीझन’समोर थांबावं. भौतिकशास्त्रज्ञ किर्शहोफने १८५९ मध्ये वर्णपटाची नवी रीत सूर्याला आणि ताऱ्यांना इथेच लावली. दूरच्या ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत, हे त्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून वाचता येतं, हे तिथून पुढे जगाला कळलं. नऊच वर्षांनी, १८६८ च्या खग्रास ग्रहणात, पटवर्धनांच्या जमखंडीत हर्शेल घराण्यातला एक अधिकारी वर्णपटदर्शक सूर्याकडे लावून उभा होता. मग पाच नंबरची ट्रॅम धरून मानहाइमला जायचं आणि तिथून चार नंबरने ड्युर्कहाइम गाठायचं. तिथल्या झऱ्याच्या खनिज पाण्याच्या वर्णपटात रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि किर्शहोफ यांना १८६० मध्ये दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते मूलद्रव्य म्हणजे सीझियम. हाताळण्याजोगं थोडं मिळावं म्हणून बुन्सेनने चाळीसेक हजार लिटर पाणी आटवलं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या याच सीझियमच्या अणूवरून करतात. पुस्तकात ओळीभरात उरकलेली गोष्ट त्या गावात पाय ठेवल्यावर किती कष्टांची होती, ते उमगतं.

लांबच्या सहली मे-जूनमध्येच उरकाव्यात. त्या दिवसांत गुरुवारच्या सुट्ट्या येतात, शुक्रवार जोडला की चार दिवस हाती लागतात. मात्र ट्युटोरियल गुरुवारी असेल, तर त्या आठवड्यात दुसऱ्या गटात बसायची परवानगी ट्युटरकडून आधीच घ्यावी. डॉइचलांड तिकिटावर देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात, वेगवान आयसीई चालत नाही. फ्रायबुर्ग त्यात आरामात होतं. स्ट्रासबुर्गला जायचं असेल तर सीमेवरच्या केलपर्यंत हे तिकीट पुरतं, पुढे फ्रान्समध्ये ट्रॅमचं वेगळं काढायचं. पासपोर्ट आणि निवासाचं कार्ड सोबत हवंच. निघण्याआधी त्या आठवड्याची शीट जमा करून टाकावी. गाडीत बसून गणितं सोडवू, हा बेत सहसा पार पडत नाही.

जुलै लागला की हे सगळं आवरतं घ्यायचं. परीक्षेसाठी ऑनलाइन नावनोंदणीची मुदत असते आणि ती चुकली तर सेमिस्टरभर केलेला अभ्यासही उपयोगी पडत नाही, म्हणून ती तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच डायरीत लिहून ठेवावी. इथे १.० हा सर्वांत वरचा दर्जा आणि ४.० ला उत्तीर्ण. आकडा जितका लहान तितका चांगला, हेही घरी आधीच सांगून ठेवावं.